औषध देणाऱ्या बाईचं लिव्हर

मला कावीळ झाली तेव्हा मी कोणाकडे गेले नाही. आमच्या भागात कावीळ झालेली माणसं माझ्याकडे येत. मग मी कोणाकडे जाणार?

हे लिहायला बसले त्याचं एक कारण नागपूरच्या दवाखान्यातले बाक. लिव्हर बदलून घ्यायला आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक त्या बाकांवर दिवस दिवस बसलेले असतात. कोणी कोणाला खरं सांगत नाही. जो तो 'सगळं चांगलं होतं' म्हणतो, नाहीतर डोळे पुसतो. मला कोणी सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी सरळ लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. जे माझ्या आणि माझ्या लेकीच्या अंगावर आलं तेवढंच इथे आहे. खर्चाचं लिहीत नाही, तो ज्याचा त्याला कळतोच.

बुधवार आणि रविवार

आमचं गाव अनसिंगजवळ. दीड एकराचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी, कोथिंबीर लावायची आणि वाशीमच्या बाजारात नेऊन विकायची, हे माझं आयुष्य. मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा विलास माझ्याजवळ असतो. मुलगी रंजना मंगरूळपीरला दिली आहे, तिला दोन मुलं आहेत.

काविळीचं औषध मला सासूने दिलं. एका झाडाची मुळी असते. ती दिवस उगवायच्या आधी उकरायची, गाईच्या दुधात उगाळायची आणि रोग्याला उपाशीपोटी पाजायची. बुधवारी किंवा रविवारीच द्यायची. पैसा घ्यायचा नाही. आणि मुळीचं नाव सुनेशिवाय कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो. सासूने मला बांधावर नेऊन, कानाशी तोंड आणून ते नाव सांगितलं होतं. आजूबाजूला एक बैल सोडून कोणी नव्हतं.

चाळीस वर्षं मी औषध दिलं. आसेगावहून, मानोऱ्याहून, पोहरादेवीकडून लोक येऊन माझ्या ओट्यावर बसत. बरे होत. मला वाटायचं माझ्यामुळे होत. आता डॉक्टर सांगतात की पुष्कळशी कावीळ आराम केला तर आपोआप उतरते. म्हणजे मी काही दिलं नसतं तरी ते बरे झाले असते. हे ऐकून मला राग आला होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही.

मला साखरेचा आजार दहा वर्षांपासून होता. गोळी कधी घ्यायची, कधी नाही. त्या साखरेने लिव्हर आतून खराब होत होतं. ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग एका भाद्रपदात लघवी पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले.

विलास म्हणाला, "माय, वाशीमले दाखवू. डोये पाह्य तुये, हयदीसारखे झाले."

"मले कोनाले दाखवतं? काविळीचं दाखवाले लोकं माह्याकडं येतात."

"तू सोताच आता लोकं झाली ना."

मी त्याला हाकलून लावलं आणि मुळी उगाळली. तीन वेळा घेतली. गुण आला नाही. मग सहा वेळा घेतली. मग बुधवार-रविवारही सोडला आणि रोज घ्यायला लागले.

तीन दवाखाने, एक खोटं

पोट पाण्याने फुगलं. पाय सुजले. मी जेवताना ताटावरच झोपायला लागले, तेव्हा विलासने मला विचारलं नाही, गाडीत घातलं. वाशीमवरून अकोला, अकोल्यावरून नागपूर.

तिन्ही ठिकाणी डॉक्टरांनी पहिल्या पाच प्रश्नांत एक प्रश्न विचारला, "काही गावठी औषध घेतलं का?"

तिन्ही ठिकाणी मी नाही म्हणाले.

काहून म्हणाले ते सांगते. घेतलं म्हटलं की कोणतं विचारतील, आणि नाव सांगितलं की गुण जाईल, हे एक. दुसरं असं, की औषध देणारी बाई स्वतःचंच औषध पिऊन दवाखान्यात पडली, ही गोष्ट गावात गेली असती. आज विचार केला तर दुसरं कारण मोठं होतं.

एवढ्यावर भागलं नाही. मुळीचे तुकडे माझ्या कमरेच्या चंचीत होते. अकोल्याच्या दवाखान्यात, हाताला सलाईन लावलेली असताना, मी ते सुपारीसारखे चघळत होते. डॉक्टर एकीकडे कारण शोधत होते. नागपूरला त्यांनी मानेच्या शिरेतून बारीक तार आत घातली आणि लिव्हरचा तुकडा काढून तपासला. ते सगळं मी पडून पाहिलं आणि तोंड उघडलं नाही.

ज्या दिवशी सांगितलं तो दिवस

नागपूरचे मोठे डॉक्टर पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी मला, विलासला आणि रंजनाला एकत्र बसवलं. पुष्कळ डॉक्टर नातेवाईकांना बाहेर नेऊन सांगतात. यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

"आजी, तुमचं लिव्हर आता काम करत नाही. औषधाने ते परत उभं राहील असं मला वाटत नाही. बदलावं लागेल."

"नाही बदललं तर?"

"तर काही आठवडे."

मला त्या माणसाचं बोलणं आवडलं. भाव सांगितल्यासारखं सांगितलं. विलास उठून व्हरांड्यात गेला. रंजनाने पिशवीतून वही काढली आणि विचारायला लागली. तिने चौदा प्रश्न विचारले. ते तिने आधीच लिहून आणले होते, म्हणजे तिला माझ्या आधी कळलं होतं.

लिव्हर दोन वाटांनी मिळतं. कोणी मेंदूने मेलेलं माणूस असेल आणि घरच्यांनी दान केलं तर ते मिळतं, त्याची यादी असते. नाहीतर जवळच्या नात्यातलं जिवंत माणूस आपलं अर्धं देतं. यादी लांब होती आणि माझे आठवडे थोडे होते.

विलास आधी तपासायला गेला. त्याच्या लिव्हरवर चरबी निघाली. त्याला चालणार नाही म्हणाले. तो मान खाली घालून आला.

"लाजून काय राह्यला?" मी म्हटलं. "भजे तूच खाल्ले ना?"

त्याला हसू आलं आणि लगेच रडू. मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप. मी दुसरीकडे बघितलं.

रंजनाचं जुळलं. रक्तगट, लिव्हरचं माप, सगळं. मी नाही म्हणाले. आमच्या घरात दिलेल्या लेकीकडून घेत नाहीत. मी तिच्या घरी गेले तर जेवणाआधी नातवांच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय ताटावर बसत नसे. आणि आता ती पोट कापून देणार. तिच्या सासूने तर फोनवर मला विचारलंच, "चांगली धडधाकट सून देली होती तुमी मले. आता अर्धी परत पाठवून राह्यल्या का?" तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

मी रंजनाला म्हटलं, "तुह्यं घेत नाई मी. जाय घरी."

ती म्हणाली, "माय, तू मले विचारून राह्यली का सांगून राह्यली?"

"सांगून राह्यली."

"मंग मीबी सांगून राह्यली. मी देतो."

कागदावर काढलेलं लिव्हर

डॉक्टरांनी कागदावर लिव्हर काढून दाखवलं. रंजनाच्या लिव्हरचा उजवा भाग, अर्ध्यापेक्षा थोडा जास्त, कापून काढायचा. माझं पूर्ण काढून तिथे तो बसवायचा. रक्ताच्या शिरा एकेक करून शिवायच्या. पित्ताची नळी गव्हाच्या काडीएवढी असते, ती जोडायची. ते सगळ्यांत नाजूक काम. मग दोघींचंही काही महिन्यांत वाढून जवळजवळ पहिल्याएवढं होतं. शरीरात दुसरं काही असं वाढत नाही म्हणाले.

रंजनाने विचारलं, "लहान भोकं पाडून काढतात म्हणे. माझं तसं करता का?"

"काही जणांचं करतो. तुमची पित्ताची नळी आतमध्ये वेगळ्या जागी फुटते, ते फोटोत दिसलं. तुमच्यासाठी उघडून करणं जास्त सुरक्षित आहे. व्रण मोठा राहील."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "राह्यला तं राह्यला. मी कुठं पोट दाखवत फिरतो."

मी म्हटलं, "जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात, तसंच ना?"

डॉक्टर संत्र्याच्याच मुलखातले. म्हणाले, "तसंच, पण एक फरक आहे. डोळा लागला की झाड त्याला आपला मानतं. शरीर कधीच मानत नाही. त्याला रोज गोळ्या देऊन गप्प बसवावं लागतं. तुम्ही जगाल तोपर्यंत."

मी विचारलं की यातून किती जण वाचतात. त्यांनी आकडा सांगितला, पण तो इथे लिहीत नाही. तो माझ्या वयाचा आणि माझ्या आजाराचा होता, तुमचा तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण विचारा. आणि लिव्हर देणाऱ्याचाही विचारा. देणाराही क्वचित दगावतो, हे त्यांनी रंजनासमोर सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. तिच्या नवऱ्याने, दिलीपने, तेव्हा पाणी प्यायला म्हणून ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. साखरेने लिव्हर हळूहळू बिघडतं. तुमचं महिन्या-दीड महिन्यात कोसळलं. कशाने तरी त्याला धक्का दिला आहे. ते काय होतं ते कळलं नाही आणि तुम्ही घरी जाऊन परत तेच केलं, तर नवीन लिव्हरही जाईल. मग तुमच्या मुलीने दिलेलं वाया गेलं."

ते माझ्याकडे बघत होते. मी कागदावरच्या लिव्हरकडे बघत होते.

बाकावर

जिवंत माणसाने लिव्हर द्यायचं तर एक समिती असते. ती देणाऱ्याला एकट्याला आत बोलावते आणि विचारते, कोणी जबरदस्ती केली का, काही लालूच दाखवली का. समोर कॅमेरा लावलेला असतो. रंजना आत गेली. मी बाहेर चाकाच्या खुर्चीवर, शेजारी रिकामा बाक. विलास कागदांच्या झेरॉक्स काढायला गेला होता.

ती बाहेर आली आणि बाकावर बसली.

"काय विचारलं व?"

"कोनी जबरदस्ती केली का म्हने. म्या म्हनलं, नाई. मंग विचारलं, मायच्या आजाराचं तुमाले सगळं माहीत हाय का. म्या म्हनलं, हाव."

तिने वही पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "खरं सांगतलं का म्या?"

मी चंचीवर पदर ओढला.

"अकोल्याले तुह्या तोंडाले वास येत होता. लहानपनी दर बुधवारी तो वास घेऊन शाळेत गेलो मी. मले वळखू येत नसन का?"

"मंग आत काहून नाई सांगतलं?"

"कारन ते सांगाचं काम तुह्यं हाय."

"नाव सांगतलं तं गुण जातो, रंजे."

"माय, गुण कुठं दिसून राह्यला तुले? आरशात पाह्य एकदा." ती ओरडली नाही. बाजारात भाव पाडून मागावा तशा आवाजात म्हणाली. "मले नाव नको सांगू. मी सून नाई तुही, लेक हाय. डॉक्टरले सांग. नाई सांगतलं तरी मी पोट कापूनच देईन, पन तू काय केलं ते मंग मले माहीत असन."

मी लगेच उठले नाही. उठू शकतही नव्हते, पण ती सबब आहे. पाऊण तास मी तिथे बसून होते. त्या पाऊण तासात मला मरणाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती सासूची, जी वारून वीस वर्षं झाली होती, आणि बुधवारच्या रिकाम्या ओट्याची. माणूस किती क्षुल्लक गोष्टींना घाबरतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी रंजनाला म्हटलं, "खुर्ची ढकल."

डॉक्टरांच्या टेबलावर मी चंची ठेवली. त्यांनी उघडून वास घेतला. नाव विचारलं. मी सांगितलं. ते रागावतील म्हणून मी मनाची तयारी करून आले होते, पण ते रागावले नाहीत. लिहीत राहिले. मुळीचं नाव मी इथे लिहीत नाही. गुण जाईल म्हणून नाही, कोणी उकरायला जाईल म्हणून.

"किती जणांना दिलंत?"

"मोजले नाहीत."

त्यांचं पेन थांबलं. मग परत चालू झालं.

ऑपरेशन त्यांनी सहा दिवस पुढे ढकललं. म्हणाले, मुळी बंद झाल्यावर लिव्हर स्वतःहून सावरतं का ते पाहू. सावरलं नाही. धक्का मुळीनेच दिला, हे मात्र त्यांनी मुळी आणि लिव्हरचा तुकडा पुन्हा तपासून सांगितलं. सहाव्या दिवशी मी त्यांना विचारलं, "अकोल्यालाच सांगितलं असतं तर?"

"कदाचित वाचलं असतं. कदाचित नसतं. पण तिथेच बंद झालं असतं."

हे मी स्वतः रंजनाला सांगितलं. माझ्या खोट्यामुळे तुला कापावं लागतंय, कदाचित, असं सांगितलं. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. डबा दिला, गोळ्या दिल्या, पाय चेपले, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. ऑपरेशनसाठी काढायला लावल्या होत्या. नुसते हात घेऊन ती माझ्या पलंगाशी उभी राहिली आणि म्हणाली, "चाल माय. पह्यले माहा नंबर हाय."

नंतर

बारा-तेरा तास लागले म्हणतात. शेजारशेजारच्या दोन खोल्यांत एकाच वेळी काम चाललं होतं. मला त्यातलं काही माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

जाग आली तेव्हा तोंडात नळी, नाकात नळी, मानेत नळी, पोटातून तीन नळ्या. औषधांनी डोकं फिरतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते. दोन दिवस मी एका नर्सवर आळ घेतला की तिने माझ्या मेथीच्या जुड्या चोरल्या. पोलीस बोलवा म्हणाले. ती पुसदकडची पोरगी, शांतपणे म्हणाली, "आजी, तुमची मेथी घेऊन मी काय करू? मला भाजीच येत नाही करता." शुद्ध आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, मागच्या आठवड्यातल्या आजोबांनी तिला बैल चोरल्याचं म्हटलं होतं, त्यामानाने मी बरी.

पाणी देत नव्हते. तीच नर्स कापसाचा ओला बोळा ओठांवर फिरवायची. एवढी चव मला पुढे कशाचीच लागली नाही.

माझं नवीन लिव्हर पहिल्याच दिवशी कामाला लागलं. डॉक्टर खूश होते. डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी रंजना पोट धरून, वाकून, काचेपलीकडे येऊन उभी राहिली. हात वर केला. मग दोन दिवस ती आलीच नाही.

विचारलं तर विलास म्हणे, झोपली आहे. दिलीप म्हणे, थकली आहे. मी दिलीपला म्हटलं, "जवाईबापू, मी लय खोटं बोलली हाय, मले खोटं वळखू येते."

तो खुर्ची ओढून बसला. "मामी, तिच्या कापलेल्या जागेतून पित्त गळून राह्यलं. ताप हाय. तोंडातून नळी टाकून आत काहीतरी बसवनार हायेत."

ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट दिवस. ऑपरेशनचे नव्हेत, हे. माझं अंग सुधारत होतं. भूक लागत होती. मला भूक लागते याचीच मला लाज वाटत होती. नर्स म्हणायची जेवा, आणि मी जेवत होते, कारण न जेवून रंजनाचं काही भलं होणार नव्हतं. दिलीप दोन डबे घेऊन यायचा, एक वरच्या मजल्यावर, एक माझ्याकडे. "तिखट नाई, मीठ नाई," तो म्हणायचा. "जेवन हाय असं समजा."

त्या नळीने गळती थांबली. ताप उतरला. पोटातल्या नळीला लावलेली पिशवी घेऊन ती तीन आठवडे फिरली. आठवडाभरात घरी जाईल असं सांगितलेली बाई सव्वा महिन्याने घरी गेली. आता तिचं सगळं ठीक आहे, तपासण्या चांगल्या येतात. व्रण मात्र मोठा आहे, आणि थंडीत ओढतो म्हणते.

गोळ्या आणि माती

तीन महिने आम्ही दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिलो. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी गोळ्या. अर्धा तास इकडेतिकडे चालत नाही. सुरुवातीला माझे हात असे कापायचे की चहा बशीत कमी आणि लुगड्यावर जास्त. कच्चं काही खायचं नाही. गर्दीत जायचं नाही. तोंडाला फडकं बांधायचं. मातीत हात घालायचा नाही, कारण मातीतले जंतू मला आता झेपत नाहीत. मळेवालीला माती बंद. घरी आल्यावर मी खाटेवर बसून विलासला सांगायचे, वाफा असा घे, पाणी तसं सोड. तो म्हणायचा, "माय, तू आजारी होती तवा बरं होतं, मले एकट्याले जमत होतं."

एकच सांगते. घरात कोणी लिव्हर दिलं असेल तर भेटायला येणारे सगळे रोग्याला बघतात. देणारा तर चालत-फिरत असतो, तोच चहा करून देतो. त्याच्याकडे बघा.

मुळीचं झाड बांधावर होतं. मी विलासला उपटायला लावलं. त्याने खणलं, वाळवलं, जाळलं. लांबून पाहिलं मी.

लोक येतच राहिले. बुधवारी सकाळी ओट्यावर कोणी ना कोणी असायचं. मी म्हणायचे, औषध बंद. वाशीमला जा, रक्त तपासा. काही जण मुकाट्याने गेले. एक बाई म्हणाली, "काकू, सोताले मोठ्या दवाखान्यात नेलं अन् आमाले नुसतं जा म्हनता." तिला मी काय सांगणार? खरंच होतं ते.

आसेगावचा माणूस

मग एक दिवस आसेगावहून नामदेव आला. साठीचा, कपाशी-सोयाबीन करणारा. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, शांताला, कावीळ झाली होती. माझ्याकडे घेऊन आला होता. तिला मी माझ्या हाताने औषध पाजलं होतं. पुढे तिला अकोल्याला नेलं आणि ती तिथे वारली. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी आजारी आहे कळलं म्हणून भेटायला आला होता. सोबत घरच्या तुरीची डाळ आणली होती.

म्हणाला, "तुमी तवा लय केलं तिच्यासाठी. आमच्या नशिबात नव्हतं."

मी तोंडावरचं फडकं नीट केलं. हो म्हणून गप्प बसता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं.

"नामदेवभाऊ, माह्यं लिव्हर त्याच औषधानं गेलं," मी म्हटलं. "आधी साखरेनं खराब झालं होतं, पन ढकललं त्यानं. डॉक्टरनं तपासून सांगतलं."

त्याला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, "म्हंजे शांता त्यानं गेली?"

"मले माहीत नाई. गेली असन. तिले आधीचंच काही असन. मले सांगता येत नाई, आता कोनालेच सांगता येत नाई."

तो डाळीच्या पिशवीकडे बघत बसला. "किती खेपा देलं होतं तिले?"

"तीन. तीनच देतो मी."

"पाच," तो म्हणाला. "तीनानं उतरलं नाई म्हनून मी परत आलतो. तुमी अजून दोन देल्ले."

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण त्याला आठवत होतं, आणि तो माणूस खोटं बोलायला आला नव्हता.

"मी मांगतले म्हनून देल्ले तुमी," तो म्हणाला. सुनेने चहा आणला. चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. शेवटी म्हणाला, "मी तं तुमाले पाहाले आलतो. हे कायले सांगतलं मले?"

"तुमी उद्या कोनाले तरी माह्याकडं पाठवसान म्हनून."

तो उठला. पायात चपला घातल्या. डाळ तशीच ठेवून गेला. ती मी ठेवली, परत पाठवली नाही. तो परत आला नाही, आणि तो यावा असं मी म्हणत नाही.

त्या आठवड्यात मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ज्यांना कधी कावीळ होऊन गेली त्यांनी एकदा लिव्हरचं रक्त तपासून घेतलेलं बरं, काही काविळी आत दडून राहतात. गाडीवर जायला परवानगी दिली, तोंड बांधून, थोडा वेळ. तेव्हापासून विलासला वेळ असेल तेव्हा मी त्याच्या मागे बसून जाते. ज्यांची घरं आठवतात तिथे जाते आणि सांगते की मी तुम्हाला जे पाजलं त्याने नुकसान होऊ शकतं, एकदा तपासून घ्या. कोणी बसायला सांगतं, कोणी उंबऱ्यातच ऐकतं. अनसिंगच्या एका घरी म्हातारा मला शिव्या देत होता आणि त्याची सून आतून आधारकार्ड शोधून आणत होती, दवाखान्यात लागेल म्हणून.

आतापर्यंत सव्वीस घरं झाली. यापुढची मला आठवत नाहीत. चेहरे आठवतात, गावं आठवत नाहीत. गावं आठवतात, तर नावं आठवत नाहीत. हे लिहिलं ते मुख्यतः त्यांच्यासाठी. वाशीम जिल्ह्यात अनसिंगच्या बाजूला एका मळेवाल्या बाईच्या ओट्यावर बसून तुम्ही कधी दुधातलं कडू औषध प्यायला असाल, तर ती बाई मी आहे. रक्त तपासून घ्या.